डॉ. भाऊ दाजी : शिलालेख आणि औषध

भुसावळ-नागपूर लोहमार्गावर अकोला व बडनेरा यांच्या दरम्यान मूर्तिजापूर हे जंक्शन लागते. येथून पूर्वी दोन अरुंद रुळांच्या वाटा फुटत असत. एक कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळास जाई, दुसरी दर्यापूर-अंजनगावावरून अचलपुरास. वऱ्हाडातील लोक या गाडीस लाडाने 'शकुंतला' म्हणत. आता ती धावत नाही. परंतु आम्ही लहान असताना तिचे वाफेचे इंजिन अद्याप कामावर होते, आणि सुटीत आजोळी जाणे होई ते तिच्यातूनच. अचलपूरच्या गाडीची वाट पाहत फलाटाच्या अगदी टोकास काही माणसे वेगळी बसलेली दिसत. त्यांच्या पायांस चिंध्या गुंडाळलेल्या असत, हातांची बोटे आखडलेली असत. आम्ही तिकडे पाहू लागलो की आई हात धरून आम्हांस दुसरीकडे नेई. का, ते सांगत नसे. परतवाड्याजवळ कोठारा येथे मिशनचे कुष्ठरुग्णालय आहे आणि ती माणसे तेथे चाललेली असत, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले.

या रोगास आपल्याकडे महारोग म्हणत, रक्तपिती म्हणत. आणि पुष्कळदा नाव न घेताच त्याच्याविषयी बोलत. वऱ्हाडास तो अनोळखी नव्हता. गाडगेबाबांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आजोळगावी गेले. पुढे पूर्णाकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत ते ज्यांची सेवा करीत त्यांत हे रोगी होते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवेचे कार्य आरंभिले, आणि अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ त तपोवन उभारले. ही सर्व नावे आमच्याकडे आदराने घेतली जातात, आणि तशीच ती घेतली पाहिजेत. परंतु या सर्वांच्या आधी, म्हणजे नागपूरची आगगाडी मूर्तिजापुरावरून नुकतीच धावू लागली होती त्या सुमारास, मुंबईत एक मराठी डॉक्टर या रोगावर औषध शोधीत होता, त्याच्या हातात खरोखर काहीतरी आलेही होते, आणि ते त्याने कोणास सांगितले नाही. त्या डॉक्टरांचे नाव भाऊ दाजी लाड. त्यांच्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुधा त्यांच्या शोधांची आणि मानसन्मानांची यादी दिली की लेखक संतुष्ट होतात. आम्हांस त्या यादीतील दोनच गोष्टी शेजारी ठेवून पाहावयाच्या आहेत.

भाऊंचा जन्म १८२२ सालचा (काही ठिकाणी १८२४ असे दिलेले आढळते), गोव्याच्या पेडणे भागातील. मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरातले 'भाऊ' आणि वडिलांचे 'दाजी' मिळून जगाने त्यांचे नाव केले. कुटुंब मुंबईस आले ते निर्वाहासाठी. मुलगा बुद्धिबळात इतका तरबेज होता की ते पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्यास इंग्रजी शाळेत घालण्याचा आग्रह धरला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एल्फिन्स्टन संस्थेत या मुलाने नाव काढले आणि पुढे तेथेच साहाय्यक शिक्षक म्हणून काम केले. त्याच काळात काठेवाड व कच्छ येथील बालिकाहत्येच्या चालीवर निबंध मागविण्यात आले, तेव्हा भाऊंच्या निबंधास सहाशे रुपयांचे पारितोषिक मिळाले. चोवीस-पंचवीस वर्षांच्या शिक्षकास ही रक्कम लहान नव्हती. पण रकमेपेक्षा त्या निबंधाचा विषय आम्हांस महत्त्वाचा वाटतो. घराच्या भिंतीआड चाललेल्या आणि कोणीही मोठ्याने न बोललेल्या मृत्यूंची कारणे शोधून ती उघड्यावर मांडावयाची, हे काम या माणसाने डॉक्टर होण्यापूर्वीच अंगावर घेतले होते.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. त्यास लागूनच जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय होते. भाऊंनी शिक्षकाची जागा सोडून या कॉलेजात नाव घातले. १८५१ त पहिली तुकडी बाहेर पडली, ती अवघ्या आठ जणांची. त्या आठांत भाऊंच्या जोडीस आत्माराम पांडुरंग होते, ज्यांनी पुढे १८६७ त प्रार्थनासमाज स्थापिला. अनंत चंद्रोबा होते. आणि गोव्याकडचे जुझे कामिल लिस्बोआ होते, ज्यांनी पुढे मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर नावाजण्यासारखे काम केले. एवढ्याशा तुकडीतून वनस्पतिशास्त्र, धर्मसुधारणा आणि इतिहाससंशोधन अशा तीन वाटा निघाव्यात याचे आजच्या वाचकास नवल वाटेल. आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यास मान वर करून पाहावयास सवड नसते. त्या वेळी मात्र नव्या विद्येचे दार एकदा उघडले की माणसे एकाच खोलीत बसून राहत नसत.

भाऊंनी सरकारी नोकरीपेक्षा खासगी व्यवसाय पत्करला, आणि बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह गरिबांसाठी मोफत दवाखाना चालविला. व्यवसायात त्यांची कीर्ती झपाट्याने वाढली. श्रीमंतांकडून मिळालेला पैसा दवाखान्यात, पुस्तकांत आणि हस्तलिखितांत जाई. सार्वजनिक कामांचा तर त्यांना ध्यासच होता. १८५२ साली जगन्नाथ शंकरशेट आदिकरून मंडळींनी बाँबे असोसिएशन काढली, तिच्या चिटणिसांत भाऊ होते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या फेलोंत होते. मुलींच्या शाळांच्या खटपटीत होते. विष्णुदास भाव्यांची नाटकमंडळी मुंबईस आली तेव्हा तिच्या पाठीराख्यांत होते. आणि भायखळ्याचे व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम उभारण्याच्या कामी जॉर्ज बर्डवूड यांच्या बरोबरीने खपत होते. १८६९ व १८७१ अशी दोन वर्षे ते मुंबईचे शेरीफ झाले. मध्यंतरी १८६५ साली शेअरबाजार कोसळला तेव्हा मुंबईतील कित्येक शहाण्यांबरोबर त्यांचीही पुंजी बुडाली. या एवढ्या व्यापाची यादी वाचतानाच आम्हांस दम लागतो. म्हणून ती येथेच सोडून देतो.

एक प्रसंग मात्र सांगितला पाहिजे, कारण पुढच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे. करसनदास मुळजी या गुजराती सुधारकाने 'सत्यप्रकाश' पत्रात वल्लभसंप्रदायातील महाराजांच्या दुराचारावर लेख लिहिला. त्यावर जदुनाथजी महाराजांनी अब्रूनुकसानीची फिर्याद लावली. हाच १८६२ सालचा गाजलेला 'महाराज लायबल केस'. या खटल्यात करसनदासांच्या बाजूने साक्ष देण्यास डॉ. भाऊ दाजी उभे राहिले. महाराज-मंडळींवर आपण गुप्तरोगाचे उपचार केले आहेत, अशा आशयाची साक्ष त्यांनी उघड न्यायालयात दिली. रोग्याचे गुपित डॉक्टराने राखावे हा वैद्यकाचा जुना धर्म आहे, हे भाऊंना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? श्रीमंत गुजराती भाटियांची घरे ही मुंबईच्या डॉक्टरांची मोठी मिळकत; तिच्यावर पाणी सोडावे लागण्याचा संभव त्यांना दिसत नव्हता असेही नाही. तरीही न्यायासनापुढे खरे सांगणे त्यांनी वरचढ मानले. या निवडीविषयी आजही दोन मते होऊ शकतील. आमचे मत भाऊंच्या बाजूचे आहे, तथापि ते आम्ही थोडे चाचरतच देतो. एवढे मात्र खरे, की लोकांच्या हिताचे जे असेल ते झाकून ठेवू नये, असे मानणारा हा माणूस होता.

आता शिलालेखांकडे वळू. भाऊंनी हा नाद कशासाठी धरला याचे उत्तर त्यांच्या दवाखान्यातच शोधावे लागते. जुन्या वनौषधींची पारख करावयाची तर चरक-सुश्रुत मुळातून वाचले पाहिजेत. ते वाचावयाचे तर हस्तलिखिते मिळविली पाहिजेत. आणि हस्तलिखिते जमू लागली की कोणता ग्रंथ कोणत्या काळचा हा प्रश्न सुटल्यावाचून पुढे पाऊल टाकता येत नाही. कालनिर्णयाचा भरवशाचा साक्षीदार दगड. अशा रीतीने औषधाच्या शोधाची वाट शिलालेखापर्यंत पोहोचली असावी, असा आमचा तर्क आहे. जुनागढचा एक तरुण, भगवानलाल इंद्रजी, जुनी लिपी वाचण्यात वाकबगार असल्याचे कळताच भाऊंनी त्यास आपल्याजवळ मुंबईस बोलावून घेतले, आणि पुढे त्यास पदरखर्चाने देशभर लेखांचे ठसे घेण्यास पाठविले. जुनागढच्या खडकावरील रुद्रदामन् आणि स्कंदगुप्त यांच्या लेखांवर भाऊंनी निबंध लिहिला. चाळीसगावजवळ पाटण येथील देवळातील लेख त्यांनी विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तेथे मठ स्थापिल्याची हकीगत त्या लेखात आहे. आर्यभट या नावाचे दोन निरनिराळे ज्योतिषी होते, आणि थोरल्या आर्यभटाचा जन्म इसवी सन ४७६ चा, हे त्यांनी हस्तलिखितांच्या आधाराने १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दाखवून दिले. ही शेवटची गोष्ट आज शाळेतील मुलासही ठाऊक असते. ती कोणी प्रथम सिद्ध केली, हे मात्र त्याच्या शिक्षकासही बहुधा ठाऊक नसते.

आम्हां वऱ्हाडच्या लोकांस या सर्वांत जवळचा वाटतो तो अजिंठ्याचा लेख. सोळाव्या लेण्याच्या ओसरीबाहेर भिंतीवर एक लांब संस्कृत लेख कोरलेला आहे. पावसापाण्याने त्याची अक्षरे झिजली आहेत, आणि पुष्कळ ओळींची सुरुवात नाहीशी झाली आहे. जेम्स प्रिन्सेप याने १८३६ त त्याची एक नक्कल छापली होती, परंतु ती इतकी सदोष की तिच्यावरून धड काही लागत नसे. भाऊंनी मूळ लेखावरून नव्याने नक्कल करवून घेतली, ओळीमागून ओळ लावली, आणि संस्कृत पाठ व इंग्रजी भाषांतर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यातून विंध्यशक्तीपासून हरिषेणापर्यंत वाकाटक राजांची एक परंपरा आणि हरिषेणाचा मंत्री वराहदेव यांची नावे पुढे आली. हे लेणे त्या वराहदेवाने कोरविले. हे राजे कुठले, त्यांची राजधानी कोणती, हे त्या वेळी कोणासच सांगता येत नव्हते. पाऊणशे वर्षांनी, १९३९ साली, वाशीम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला आणि कोडे सुटले. वत्सगुल्म म्हणून जे नगर जुन्या ग्रंथांत येते ते आपले वाशीम. आणि अजिंठ्याच्या त्या लेखातील राजे या वत्सगुल्म शाखेचे. म्हणजे वऱ्हाडात एके काळी अजिंठा कोरविण्याइतके ऐश्वर्य नांदत होते, ही गोष्ट उजेडात आणण्याचे पहिले काम वऱ्हाडाशी काही नातेगोते नसलेल्या मुंबईच्या एका डॉक्टराने केले.

भाऊंचा हा पाठ निर्दोष होता काय? मुळीच नाही. ब्यूलर यांनी १८८३ साली तो लेख पुन्हा संपादिला आणि भाऊंची कित्येक वाचने दुरुस्त केली. त्यानंतर नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो आणखी दोनदा तपासला, ब्यूलरांच्याही चुका दाखविल्या, आणि वाकाटकांच्या समग्र लेखांचा त्यांचा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. भाऊंचे काही सिद्धांत तर संपूर्ण कोसळले. कालिदास म्हणजे काश्मीरचा राजा मातृगुप्त, असे त्यांनी एका लांबलचक निबंधात मोठ्या विद्वत्तेने प्रतिपादिले होते. ते आज कोणी मानीत नाही. परंतु येथेच या विद्येचे मर्म आहे. भाऊंनी पाठ छापला, नक्कल छापली, भाषांतर छापले. ज्याला शंका असेल त्याने अजिंठ्यास जाऊन भिंतीशी ताडून पाहावे. त्यामुळे त्यांची चूक दुसऱ्यास सापडली, दुसऱ्याची तिसऱ्यास. त्यांचे बरोबर होते ते तर टिकलेच, पण जे चुकले तेही फुकट गेले नाही.

औषधाच्या बाबतीत मात्र याच्या अगदी उलट झाले.

सुश्रुताच्या चिकित्सास्थानात तुवरक नावाच्या एका वृक्षाचे वर्णन आहे. तो पश्चिम समुद्राच्या काठी होतो, त्याची पिकलेली फळे पावसाळ्यात गोळा करावीत, बियांतील मगज काढून तेल गाळावे, आणि कुष्ठाच्या रोग्यास ते पोटात द्यावे व अंगास चोळावे, असा तेथे विधी आहे. हे तेल प्यायल्यास वांती आणि रेच होतात, हेही तेथे मोकळेपणाने सांगितले आहे. हा तुवरक म्हणजे कोकण-गोव्याच्या रानांत होणारे कडू कवठ. त्याचे तेल समुद्रकाठचे लोक खरजेवर, गुरांच्या जखमांवर पूर्वापार वापरीत आले होते. भाऊंचे जन्मगाव याच पट्ट्यातले. तेव्हा झाड त्यांना लहानपणापासून माहीत असणे अशक्य नाही. गावचे झाड आणि संस्कृत ग्रंथातील झाड एकच, ही ओळख पटविण्यास दोन्ही जग जाणणारा माणूस लागतो. कलकत्त्याच्या फ्रेडरिक मोआट यांनी १८५४ साली चौलमुग्र्याच्या तेलाची माहिती विलायती वैद्यकास करून दिली होती. परंतु ते झाड पूर्वेकडच्या जंगलांतले, आणि बाजारात मिळणाऱ्या बियांत भेसळ फार. पश्चिम किनाऱ्यावरील कडू कवठाचा कुष्ठावर शास्त्रीय पद्धतीने प्रयोग करणाऱ्यांत भाऊंची गणना अगदी पहिल्यांत करावी लागेल.

१८६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस भाऊंच्या औषधाने कुष्ठरोग्यांस गुण येतो असा बोलबाला झाला. दूरदूरचे रोगी त्यांच्या दाराशी येऊ लागले. त्यांच्या औषधात काय आहे, असे डॉक्टर मंडळी विचारू लागली. भाऊंनी ते सांगितले नाही. तेलाचे नाव, मात्रा, किती दिवस द्यावयाचे, पथ्य कोणते, किती रोग्यांस दिले, किती बरे झाले, किती पुन्हा पडले, यांतील काहीही त्यांनी आपल्या हयातीत छापले नाही. त्यांचे औषध म्हणजे कडू कवठाचे तेल, ही गोष्ट वैद्यकाच्या ग्रंथांत आली ती त्यांच्या मृत्यूनंतर.

असे त्यांनी का केले असावे? लोभाचा आक्षेप आम्ही क्षणभरही मानीत नाही. ज्याने मोफत दवाखाना चालविला आणि पदरखर्चाने शिलालेखांचे ठसे घेवविले तो तेलाच्या बाटलीवर पैसा करू पाहत होता, हे पटण्याजोगे नाही. १८६५ च्या तडाख्यानंतर त्यांना पैशाची गरज होती, हे ध्यानात घेऊनही नाही. अधिक संभवनीय कारण या रोगाच्या स्वभावातच आहे. कुष्ठ हा मंदगती रोग. चट्टे फिके पडतात, बधिरपणा कमी झाल्यासारखा वाटतो, आणि चार वर्षांनी रोग पुन्हा डोके वर काढतो. बरा झाला असे म्हणावयाचे तरी केव्हा? घाईने पुकारा करावा आणि रोगी पुन्हा पडावेत, म्हणजे देशी औषधांची हेटाळणी करण्यास टपलेल्या लोकांस आयतेच साधन मिळावयाचे. शिवाय नाव एकदा फुटले की बाजारातील वैदू उद्यापासून तेच तेल वाटेल त्या मात्रेत विकू लागतील, ही धास्तीही असेल. पिढ्यान्पिढ्या आमच्या वैद्यांनी औषधे मुलास किंवा आवडत्या शिष्यासच सांगितली. भाऊ नव्या विद्येचे पदवीधर खरे. तथापि या एका कोपऱ्यात ते जुन्या वैद्याच्या बैठकीवर बसले होते, असे म्हटल्यास तो त्यांचा अधिक्षेप होऊ नये.

पण हे सर्व मान्य करूनही मन निवत नाही. पुरता भरवसा येईपर्यंत थांबू, असे भाऊंनी शिलालेखांच्या बाबतीत म्हटले असते तर? कालिदासावरील निबंध त्यांनी भरवसा नसताच छापला, आणि चुकला तर चुकला. अर्थात कालिदासाविषयी चूक झाली तर कोणाचा प्राण जात नाही. औषधात चूक झाली तर जातो. हा भेद आम्ही विसरलेलो नाही. परंतु न सांगण्यानेही नुकसान होते, फक्त ते नजरेस पडत नाही. आणि म्हणून त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

भाऊंच्याच कॉलेजात या वेळी दुसरा एक मनुष्य या रोगाच्या मागे लागला होता. हेन्री व्हँडाइक कार्टर हे १८५८ साली ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवावयास आले. ग्रे यांच्या शरीररचनेवरील सुप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे यांच्याच हातची. कार्टर यांच्याजवळ औषध नव्हते. त्यांनी रोग्यांची मोजदाद केली, कातडी व मज्जातंतू कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, चित्रे काढली, आणि नॉर्वेमध्ये या रोगाचा बंदोबस्त कसा करतात हे पाहण्यास तेथवर गेले. नॉर्वेतील बर्गेन येथे १८७३ साली गेर्हार्ड आर्मावेर हान्सेन यांना कुष्ठाचे जंतू दिसले. त्याच वर्षी कार्टर बर्गेनमध्ये त्यांच्याजवळ होते. १८७४ साली कार्टर यांनी आपले सगळे निरीक्षण, चित्रांसह, ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. १८७४ सालच्या मे महिन्याच्या ३१ तारखेस मुंबईत डॉ. भाऊ दाजी वारले. एकाच शहरात, एकाच कॉलेजाशी संबंधित दोन माणसे. एकाजवळ रोगाचे ज्ञान, दुसऱ्याजवळ औषधाचा अनुभव. ही दोन्ही एका कागदावर कधी आली नाहीत.

पुढची हकीगत त्या तेलाची. १९०४-०५ च्या सुमारास लंडनच्या एका प्रयोगशाळेत फ्रेडरिक पॉवर आणि त्यांचे सहकारी यांनी या बियांची रासायनिक चिकित्सा केली, तेव्हा दिसून आले की चौलमुग्र्यात जी गुणकारी आम्ले आहेत तीच कडू कवठातही आहेत. भाऊंच्या मृत्यूस तेव्हा तीस वर्षे झाली होती. हे तेल पोटात घेणे म्हणजे रोग्यास शिक्षाच; मळमळीने तो बेजार होई आणि औषध सोडी. हवाई बेटांतील ॲलिस बॉल या तरुण रसायनज्ञ स्त्रीने १९१५-१६ च्या सुमारास त्याचे टोचता येईल असे रूप तयार केले. चोविसाव्या वर्षीच ती वारली, आणि तिच्या पद्धतीवर काही काळ दुसऱ्याचेच नाव लागले. न छापल्याचे हे आणखी एक उदाहरण. कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स आणि अर्नेस्ट म्यूर यांनीही याच तेलांवर उपचार बसविले, आणि तेव्हापासून १९४० नंतरच्या दशकापर्यंत हिंदुस्थानातील कुष्ठाश्रमांत कडू कवठाच्या तेलाच्या सुया टोचल्या जात. त्यांनी रोग मुळापासून जाई काय? काहींस आराम पडे, रोगाच्या आरंभी विशेष. बहुतेकांस पुरता पडत नसे. १९४१ नंतर सल्फोन औषधे आली, त्यांतील डॅप्सोन स्वस्त आणि पोटात घेता येण्याजोगे ठरले, आणि तेलाचे दिवस संपले. जंतू डॅप्सोनलाही दाद देईनासे झाले तेव्हा १९८१-८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली. तीच आजतागायत चालू आहे.

तेव्हा भाऊंनी औषध सांगितले असते तर ऋणमोचनच्या वाळवंटात बसलेले रोगी बरे झाले असते, असे आम्ही म्हणणार नाही. ते खोटे होईल. परंतु कोणत्या रोग्यास ते लागू पडते, कोणास पडत नाही, किती वर्षांनी रोग उलटतो, पोटात घेतल्याने काय त्रास होतो, हा सर्व अनुभव १८७० च्या आसपास लिहून निघाला असता, तर तेलाचा दोष तीस-चाळीस वर्षे आधी कळला असता आणि त्याचा गुणही. ब्यूलर-मिराशींनी भाऊंच्या पाठावर जे काम केले ते औषधावर करावयास त्या काळी मुंबईत माणसे होती. कार्टर तर हाकेच्या अंतरावर होते. दुरुस्त करण्यासाठी समोर काही ठेवलेलेच नव्हते.

भाऊ वारले तेव्हा भगवानलाल इंद्रजी नेपाळात होते. भाऊंनीच त्यांना तिकडे लेख आणि हस्तलिखिते मिळविण्यास पाठविले होते. आश्रयदाता गेल्याची वार्ता त्यांना परक्या मुलखात कळली. परत आल्यावर त्यांनी मिळेल त्या आधारावर ते काम चालू ठेवले, आणि नेपाळचे लेख, नाशिक-नाणेघाटची लेणी, क्षत्रपांची नाणी यांवरील त्यांच्या लेखनाने भगवानलाल हे नाव युरोपातील विद्वानांच्या तोंडी झाले. गुरूचा कित्ता शिष्याने गिरविला, पुष्कळ ठिकाणी खोडून सुधारून गिरविला. भाऊंचे पुरातत्त्वविषयक निबंध १८८८ साली कलकत्त्यास एकत्र छापले गेले. भायखळ्याच्या संग्रहालयास १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले. औषधाच्या बाबतीत मात्र भगवानलालांसारखा कोणी त्यांच्यामागे नव्हता.

हिंदुस्थानात दर दहा हजारांत एकाहून कमी रोगी राहिल्याचे २००५ च्या अखेरीस सरकारने जाहीर केले. तरीही जगात दरवर्षी जे नवे कुष्ठरोगी सापडतात त्यांतील निम्म्याहून अधिक आपल्याच देशातले असतात, आणि कोठाऱ्याचे रुग्णालय, तपोवन, दत्तपूर यांपैकी कोणाचेही काम अद्याप संपलेले नाही. मध्यंतरी आमच्या परिचयातील एका शेतमजुरास पाठीवर बधिर चट्टा आल्याचे दिसले. तो प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला आणि महिन्याभराच्या गोळ्या घेऊन आला. पैसा पडला नाही. गाडीची वाट पाहत कोठे वेगळे बसावे लागले नाही, तरी शेजाऱ्यांपासून ते पाकीट तो धान्याच्या कोठीमागे लपवून ठेवी. वाचता येत नव्हते म्हणून मुलीकडून त्याने ते वाचवून घेतले. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन, डॅप्सोन, अशी तीन नावे आणि प्रत्येकापुढे मिलिग्रॅममध्ये मात्रा, पाकिटावर छापलेली होती.